टिल्लूची सर्दी

टिल्लूला माझ्याकडे आणलं ते शिंकांसाठी. केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात तेवढंच आहे: डावी नाकपुडी वाहते, शिंका, मधूनच रक्ताचा थेंब. तोंडाच्या वासाबद्दल घरातलं कोणी चकार शब्द बोललं नाही. कुत्रं म्हातारं झालं की तोंडाला घाण मारायचीच, हे त्या घरात कधीच ठरून गेलं होतं. तपासणीची खोली मात्र तो आत आल्याबरोबर वासाने भरली, आणि मी खिडकी उघडायला उठलो तेव्हा सूनबाई ओशाळून म्हणाल्या, "तेवढं एक आहे त्याचं. बाकी गुणी आहे."

टिल्लू डॅशहंड, नर, वय १०, वजन ११.४ किलो. त्याच्या चणीला दोनेक किलो जास्तच. घर कोथरूडचं, आजी-आजोबा, मुलगा-सून, कॉलेजात जाणारी नात, आणि मनी नावाची १३ वर्षांची मांजर. ती जुन्या पेठेतल्या वाड्यात जन्मलेली, वाडा पाडल्यावर टोपलीतून फ्लॅटमध्ये आलेली. तिचा संबंध या प्रकरणात पुढे येईल. प्राण्यांची नावं आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

शिंका आदल्या वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाल्या होत्या. तेव्हा पहाटेची थंडी होती, आजोबांना स्वतःलाच सर्दी झाली होती, म्हणून आजींनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आधी त्यांच्या आणि मग कुत्र्याच्या नाकाशी धरली. मार्चमध्ये धुळीला दोष गेला. पावसाळ्यात दमट हवेला. ऑक्टोबरात कुसळाला. पुण्याच्या प्रत्येक ऋतूत शिंकांना कारण सापडतं, आणि या घराने एकही ऋतू वाया घालवला नव्हता.

कुसळाचा संशय अगदी रास्त होता. टिल्लू नातीबरोबर वेताळ टेकडीवर जातो. पाऊस संपला की तिथलं कुसळी गवत वाळतं आणि त्याची टोकदार कुसळं कुत्र्यांच्या कानात, पंजाच्या बेचक्यात, कधी नाकात शिरतात. त्या दिवसांत एका नाकपुडीतून स्राव येणारं कुत्रं कुठल्याही पशुवैद्याला दाखवा, पहिलं नाव कुसळाचंच निघेल. पण कुसळ नाकात गेलं की शिंका एकदम सुरू होतात, धाडधाड. कुत्रं पंजाने नाक ओरबाडतं, बेजार होतं. टिल्लूच्या शिंका दहा महिने हळूहळू वाढत गेल्या होत्या. नाकातून रक्त दिसलं तेव्हा गोचीडतापाची तपासणीही झाली होती. तीही योग्यच, आपल्याकडे नाकातून रक्त येणाऱ्या कुत्र्यात एर्लिकिया, म्हणजे या तापाचा जंतू, आधी वगळावाच लागतो. प्लेटलेट २ लाख ४० हजार, तपासणी निगेटिव्ह.

मधल्या काळात वेगवेगळ्या ठिकाणी प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले होते. तिन्ही वेळा स्राव कमी झाला, औषध संपलं की परत आला. मी विचारलं, "आणि वास?" घरातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. नात म्हणाली, "हो की! गोळ्या चालू असल्या की वासही कमी व्हायचा."

हा धागा हाताला लागला. नाकाचा आणि तोंडाचा त्रास एकाच औषधाने एकदम कमी होतो आणि एकदम परत येतो, तेव्हा दोन्हीचं मूळ बहुधा एकच असतं. जंतू दबतात, पण ते ज्या बिळात राहतात ते बीळ तसंच राहतं.

पुढचा प्रश्न मी पाण्याचा विचारला. शिंका कधी येतात? उठल्यावर, फिरताना, की पाणी प्यायल्यावर? सूनबाईंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, पाणी प्यायला की हमखास. मग आजोबा, जे इतका वेळ गप्प होते, म्हणाले की एकदा दहीभात खाल्ल्यावर त्याच्या नाकातून शीत बाहेर आलं होतं. त्यांना वाटलं ओकारी आली असेल. नाकातून भाताचं शीत येणं ही गोष्ट कोणत्याही सर्दीत बसत नाही. तोंडातून नाकात जायला कुठेतरी वाट असल्याशिवाय ते सहसा होत नाही.

तर मग आधी कोणी तोंड का पाहिलं नाही? पाहिलं होतं. दोन डॉक्टरांनी ओठ उचलून दात पाहिले होते आणि "दात छान आहेत" असं म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. ओठ उचलल्यावर मलाही पांढरेशुभ्र दात दिसले, १० वर्षांच्या डॅशहंडला न शोभणारे. इथे थोडी उलटतपासणी करावी लागली. जूनमध्ये कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या, केस कापणाऱ्या एका दुकानात 'भूल न देता दात साफ' करून मिळतात म्हणून नातीने त्याला नेलं होतं. तिथे दोघांनी धरून दातांवरचा पिवळा थर खरवडून काढला. शिवाय पाण्यात टाकायचं एक पुदिन्याच्या वासाचं द्रावण आणि रोज एक चघळायची कांडी, हेही चालू होतं. तिने हे सगळं मनापासून, स्वतःच्या खर्चाच्या पैशातून केलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर बोलताना मला शब्द जपून वापरावे लागले.

अशा खरवडण्याने नुकसान काय होतं ते नीट सांगतो, कारण पुण्यात ही सेवा आता बऱ्याच ठिकाणी मिळते. दातावर आधी जंतूंचा एक मऊ, चिकट थर बसतो. तो काढला नाही तर दोन-तीन दिवसांत लाळेतल्या कॅल्शियममुळे त्याचं कीट होऊ लागतं. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असल्यामुळे कीट लवकर धरतं आणि दात किडण्याचं प्रमाण मात्र कमी राहतं. डोळ्यांना दिसतं ते कीट. त्रास देतात ते हिरडीच्या काठाखाली, दात आणि हिरडीच्या फटीत राहणारे जंतू. तिथे प्राणवायू पोचत नाही. तिथले जंतू प्रथिनं कुजवून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टनसारखे गंधकाचे वायू सोडतात. टिल्लूच्या तोंडाला येत होता तो सडक्या अंड्याकडे झुकणारा वास तोच. वरवर खरवडलं की कीट जातं, फट तशीच राहते, आणि तपासणाऱ्याला जी एक ठळक खूण दिसली असती ती नाहीशी होते. शिवाय जाग्या कुत्र्याच्या दातांची टाळूकडची बाजू कोणालाच साफ करता येत नाही. आणि या प्रकरणात सगळं घडलं होतं ते नेमकं त्याच बाजूला.

डॅशहंडचं लांब, निमुळतं तोंड याला फार सोयीचं. वरच्या सुळ्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं. ते आत मागे वळून जवळजवळ दुसऱ्या उपदाढेच्या वर पोचतं. त्या मुळाच्या आणि नाकाच्या पोकळीच्या मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो, मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा. सुळ्याच्या टाळूकडच्या बाजूला हिरडीत खोल खिसा तयार झाला की जंतू तो पापुद्रा खातात, आणि तोंड व नाक यांच्यात भोक पडतं. बाहेरून दात घट्ट, पांढरा, देखणा. मालक म्हणतात सर्दी आहे.

अर्थात एवढ्यावर निदान करून मोकळं होता येत नाही. दहा वर्षांच्या लांब नाकाच्या कुत्र्यात एका बाजूचा स्राव आणि रक्त म्हटल्यावर नाकातली गाठ डोक्यात ठेवावीच लागते, बुरशीही. मी काचेची पट्टी नाकपुड्यांसमोर धरली. दोन्ही बाजूंनी सारखी वाफ उमटली, म्हणजे हवा दोन्हीकडून मोकळी जात होती. गाठ मोठी असेल तर बहुधा एक बाजू बंद पडत जाते. चेहऱ्याला सूज नव्हती, डोळा पुढे आलेला नव्हता, टाळू मऊ लागत नव्हती. मग मी टिल्लूचं तोंड मिटून धरलं आणि त्याच्या एकेका नाकपुडीशी नाक नेलं. हे करताना मालकांचे चेहरे बघण्यासारखे असतात, पण या व्यवसायात नाकाला पर्याय नाही. उजवीकडे काही नाही. डावीकडे तोच सडका वास. डाव्या सुळ्याच्या आतल्या बाजूला बोट दाबलं तेव्हा त्याने मान झटकली.

तोंडाचा म्हणून आणलेला प्रत्येक वास तोंडातला नसतो, हे इथे बाजूला सांगून टाकतो. कुत्रं मागच्या बाजूच्या ग्रंथी चाटतं आणि तोंडाला माशांसारखा वास येतो. दात बघत बसलो तर आयुष्यात सापडणार नाही. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दुधाचे दात पडत असतात तेव्हा थोडा वास येतो आणि आपोआप जातो. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासाला नेलपेंट काढायच्या द्रवासारखा गोडसर वास येतो, तिथे एक रात्रही थांबायचं नाही.

भुलीचा विषय निघाला आणि आजोबा उठून उभे राहिले. "डॉक्टर, दहा वर्षांच्या कुत्र्याला भूल द्यायची? वासासाठी?"

"वासासाठी नाही हो आजोबा. भोकासाठी."

"औषधाने बुजणार नाही ते?"

नाही बुजत. भोकाच्या कडेला तोंडाची त्वचा आत वळून वाढते आणि ती वाट कायमची होते. त्यातून रोज पाणी, पोळीचा चुरा, लाळ नाकात जात राहते. शिवाय अशा दाताचं दुखणं कुत्रं सांगत नाही. टिल्लू जेवत होता, शेपूट हलवत होता, त्यामुळे त्याला दुखतंय हे आजोबांना पटेना. कुत्री दातदुखीत सहसा जेवण सोडत नाहीत, एवढंच मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या बाजूने चावतात, न चावता गिळतात. "पोळी गिळतो खरं," आजी म्हणाल्या. पोळी दुधात कुस्करून दिली जात होती, त्यामुळे चावायचा प्रश्नच नव्हता.

आजोबांची भीती मात्र अनाठायी नव्हती. तपासताना टिल्लूच्या हृदयावर हलका मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आला होता, सहापैकी दुसऱ्या दर्जाचा. डॅशहंडांत वयाबरोबर डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळायला लागते. म्हणून दातांना हात लावण्याआधी हृदयाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, रक्तदाब, आणि रक्तातून यकृत, मूत्रपिंड, साखर, पेशी हे सगळं करून घेतलं. झडप थोडी गळत होती, पण हृदयाचा आकार वाढलेला नव्हता. मूत्रपिंडांचं काम सांगणारं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे ठीक. असं कुत्रं योग्य काळजी घेतली तर भूल सोसतं. हे कागद आजोबांनी घरी नेले, कोणा ओळखीच्या माणसांच्या डॉक्टरांना दाखवले, आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणाले, "करा."

भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालून तिचा फुगा फुगवला. दात साफ करण्याच्या यंत्रातून सतत पाणी येतं. ते फुप्फुसात उतरू नये म्हणून ही नळी लागतेच, आणि भुलीशिवाय खरवडण्यात नेमकी हीच नसते. घशात गॉझ ठेवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, म्हणजे शेवटी तो काढायचा राहणार नाही. डॅशहंडची पाठ ही वेगळी जोखीम. झोपलेल्या अवस्थेत त्याला उचलताना, कुशीवर वळवताना मणक्यांना पीळ बसला तर दात बरा होऊन कुत्रं मागच्या पायांनी लुळं व्हायचं. त्यामुळे उचलायला कायम दोघं, खाली टॉवेलची गुंडाळी, आणि अंगाखाली गरम पाण्याची गादी.

मग खरं तोंड दिसलं. कुत्र्याला ४२ दात. प्रत्येक दाताभोवती बोथट, खुणा केलेली सळई हिरडीच्या फटीत फिरवायची आणि खोली लिहायची. कुत्र्यात ३ मिलीमीटरपर्यंत ठीक. डाव्या वरच्या सुळ्याच्या बाहेरच्या बाजूला ३. पुढच्या कडेला ३. टाळूकडे सळई गेली ती थांबेचना: १२ मिलीमीटर. त्याच क्षणी डाव्या नाकपुडीतून रक्ताची बारीक धार आली. खात्री म्हणून त्या खिशात सुईशिवाय सिरिंजने सलाईन सोडलं, ते नाकातून बाहेर पडलं. खोलीत उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीने "अय्या" म्हटलं, आणि खरं तर त्याहून जास्त काही म्हणण्यासारखं नव्हतं.

एक्स-रेबद्दल लोकांची अपेक्षा फार असते. दातांचा एक्स-रे मी प्रत्येक वेळी काढतो, इथेही काढला. त्यात समोरच्या दोन पटाशीच्या दातांभोवतीचं हाड गेलेलं दिसलं, नाकाच्या आतल्या नाजूक पडद्यांची रचना शाबूत दिसली, गाठीचा संशय मागे पडला. पण मूळ भोक त्यात दिसत नव्हतं. सुळ्याचं मूळ आणि टाळूकडचं हाड चित्रात एकमेकांवर येतात. हे निदान सळईनेच होतं, आणि सळई भुलीतच घालता येते. त्यामुळे तोंड उघडून बघणं आणि तोंड तपासणं या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते या एका १२ मिलीमीटरने सांगितलं.

उपचार एकच, सुळा काढणं. डोळ्याखालून येणाऱ्या मज्जातंतूजवळ बधिर करणारं इंजेक्शन दिलं, म्हणजे भूल हलकी ठेवता येते. हिरडी आणि हाडावरचं आवरण यांचा मिळून पदर उचलला, बाहेरच्या बाजूचं हाड थोडं घासलं, दात सैल केला. सैल करताना मुळाचं टोक नाकाच्या दिशेने ढकललं जाणार नाही इकडे लक्ष ठेवावं लागतं. घाईत ते नाकात गेलेलंही पाहिलेलं आहे. आतली सगळी कुजकी, लाल, मऊ पेशीभरती खरवडून काढली. त्यात तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा तुकडा होता, बहुधा पोळीचा. मग पदराच्या आतल्या आवरणाला एक आडवी चीर दिली, म्हणजे तो ताणाशिवाय पुरतो. असं भोक पुन्हा उघडतं ते बहुतेक वेळा ताणामुळे. विरघळणाऱ्या बारीक धाग्याने टाके घातले. पटाशीचे ते दोन दातही काढले. बाकीच्या दातांचं हिरडीखालून स्केलिंग आणि पॉलिश. उजव्या वरच्या सुळ्याशी टाळूकडे ५ मिलीमीटर मिळाले. तिथे मुळाची सफाई केली आणि दात ठेवला.

घरी जाताना सूचना दिल्या: चौदा दिवस मऊ जेवण, खेळणी, काठी, बॉल बंद, गळ्यात शंकूसारखी कॉलर, वेदनाशामक जेवणानंतर, क्लोरहेक्सिडिन ०.१२ टक्के हलकेच फवारायचं. पहिले काही दिवस शिंकांबरोबर रक्ताचे ठिपके येतील, घाबरू नका. तरीही तिसऱ्या रात्री आजोबांनी फोन केलाच. ठिपके, तेवढेच होते. दोन आठवड्यांनी तोंड उघडलं तेव्हा हिरडी गुलाबी, बंद. पाणी पिऊन दाखवायला सांगितलं. टिल्लू प्यायला, आणि सगळे जण शिंकेची वाट बघत उभे राहिले. नाही आली.

इथे प्रकरण संपलं असतं, पण घरातली हवा स्वच्छ झाल्यावर दुसरा वास लक्षात आला. नातीने विचारलं, "मनीच्या पण तोंडाला येतो. तिचेही दात करून टाकायचे का?" एकदा गुण आला की तोच उपाय सगळ्यांना लावायची इच्छा होतेच.

मनीच्या तोंडाचा वास वेगळा होता. सडका नाही, बंद मुतारीसारखा, नाकाला झोंबणारा. टिल्लूच्या वासाखाली तो किती महिने दडलेला होता कोण जाणे. आता ती पूर्वीपेक्षा बारीक लागते का, विचारल्यावर आजी म्हणाल्या, म्हातारी झाली. पाणी? "हल्ली न्हाणीघरातल्या बादलीत तोंड घालते, नळाखाली बसते." तिच्या शी-शूच्या पेटीतली माती जास्त वेळा बदलावी लागते, हे सूनबाईंना माहीत होतं पण त्याचा अर्थ लागलेला नव्हता. दोन वर्षांपूर्वीचं वजन ३.९ किलो, आता ३.१.

तोंड उघडल्यावर दात होतेच खराब: मांजरांना ३० दात, त्यातल्या खालच्या डाव्या तिसऱ्या उपदाढेवर हिरडी चढून आलेली. मांजरांत दात विरघळत जाण्याचा एक खास आजार आहे, हे त्यातलंच. ते दुखतं आणि तो दात काढावा लागतो. पण जिभेच्या कडेला दोन फोड होते, राखाडी काठांचे, आणि ते दातांच्या आजाराला धरून नव्हते. रक्त घेतलं. क्रिएटिनिन ४.१, फॉस्फरस वाढलेला, लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०१४, म्हणजे मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नव्हती. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मांजरासाठी २.९ ते ५.० हा तिसरा टप्पा. रक्तात साठलेला युरिया लाळेत उतरतो, तोंडातले जंतू त्यातून अमोनिया करतात, तो झोंबतो आणि त्वचेला फोडही आणतो.

या मांजरीला टिल्लूसारखी लगेच भूल दिली असती तर वास गेला नसताच, मूत्रपिंडांवर मात्र घाला पडला असता. तिला सलाईन कातडीखाली, कमी फॉस्फरसचं खाणं, फॉस्फरस बांधणारं औषध, मळमळीवर औषध. रक्तदाब मोजला, तो १७५, म्हणजे त्यावरही गोळी. पाण्याचे वाडगे घरभर, बादलीला आडकाठी नाही. टिल्लूसाठी आणलेलं वेदनाशामक घरात शिल्लक होतं. ते तिला अजिबात द्यायचं नाही, असं मी दोनदा सांगितलं आणि बाटलीवर लिहूनही दिलं. आजींना दातदुखीवर लवंगेचं तेल लावायची सवय, तेही मांजराला विषारी. मांजराचं यकृत ते पचवून बाहेर टाकू शकत नाही. महिन्याभराने फोड भरले, क्रिएटिनिन ३.२ वर आलं, वास निम्म्याने कमी झाला. दात काढायचा आहे, पण पुढच्या दोन तपासण्या स्थिर आल्या तर, आणि भुलीच्या आधी-नंतर सलाईन चालू ठेवून.

ब्रशबद्दल घरात बराच वाद झाला. आजोबांचा प्रस्ताव होता की त्यांचीच टूथपेस्ट थोडी लावू. माणसांची पेस्ट नको: फेस येतो, कुत्रं थुंकत नाही, फ्लोराइड पोटात जातं, आणि काहींत झायलिटॉल असतं. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. साखरविरहित च्युइंगमच्या पाकिटातही तेच असतं, म्हणून नातीची बॅग टिल्लूच्या तोंडापासून लांब. प्राण्यांसाठीची चिकनच्या चवीची पेस्ट मिळते, ती घरात चालेल का यावर आजींनी थोडा वेळ घेतला आणि मग ती टिल्लूच्या वेगळ्या कपाटात ठेवायची असं ठरलं. ब्रश रोज, कीट दोन-तीन दिवसांत धरत असल्यामुळे आठवड्यातून एकदा करून उपयोग नाही. दातांच्या बाहेरच्या बाजू पुरेत, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी घासते. पहिले आठ दिवस नुसतं बोटावर पेस्ट चाटवायची, मग बोटाला गॉझ गुंडाळून, मग ब्रश. काढलेल्या सुळ्याच्या जागी जखम पक्की होईपर्यंत काही नाही. चघळायच्या कांडीला माझी ना नाही, पण नखाने दाबल्यावर खड्डा पडेल इतकी मऊ हवी. हाडं आणि शिंगं नकोत, वरची मोठी दाढ त्याने चिरते. आणि कांडीच्या कॅलरी जेवणातून वजा करायच्या, कारण वजन अजून ११ च्या खाली गेलेलं नाही. दुपारच्या चहातलं बिस्किट अर्ध्यावर आलं आहे, बंद होईल असं मला वाटत नाही.

राहता राहिला उजवा सुळा. ५ मिलीमीटर. नातीचं म्हणणं, डावीकडे जे झालं ते उजवीकडे होणार असेल तर आत्ताच काढून टाका. आजोबांचं म्हणणं, एका सुळ्याने कुत्र्याची शान गेली, दुसरा तरी राहू द्या. वैद्यकाच्या हिशोबाने दोन्ही चालतं: हा खिसा रोजच्या ब्रशिंगने आणि सफाईने तिथेच थांबू शकतो, किंवा वर्षा-दोन वर्षांत नाकापर्यंत जाऊ शकतो. मी दात ठेवला आहे. जूनमध्ये हृदयाची सोनोग्राफी परत करायची आहेच, तेव्हा छोट्या भुलीत सळई घालून मोजणार. ६ च्या वर गेला तर काढणार, हे लिहून आजोबांची सही घेतली आहे. तोवर कुठल्याही ऋतूत, कुठल्याही कारणाने पाणी प्यायल्यावर शिंक आली तर ओवा न गरम करता फोन करायचा.